मदतनीस, वर्ष दुसरं

फॉर्मवर ‘व्यवसाय’ या शब्दापुढे
दोन बोटं रेघ होती.
मी लिहिलं शिक्षिका.
मग खोडलं, वर बारीक अक्षरात मदतनीस.
खिडकीतला माणूस म्हणाला, खाडाखोड चालत नाही,
नवीन घ्या, वीस रुपये.
पदवीचे पहिले वीस रुपये
असे एका शब्दावर गेले.

शाळेत मिस म्हणजे मेहेर मिस,
वय चोवीस, फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं.
मी उज्ज्वला, पण ते मुलांच्या तोंडात मावत नाही
म्हणून उजूदीदी.
मी बुटाची नाडी, मी वाहतं नाक,
मी डब्याचं न उघडणारं झाकण,
मी पेन्सिलीला टोक.
वर्गाच्या फोटोत मी कडेला, अर्धी,
कुणाचा तरी हात धरलेली.

रविवारी मात्र बाकावर बसते.
घाटकोपरच्या एका हायस्कुलातली नववी ब,
बाकावर कर्कटकाने कोरलेलं : प्रथमेश गाढव आहे.
शेजारी फिरदौस, गोवंडीच्या बालवाडीतली,
पिशवीत खिचडीच्या हिशेबाची वही.
मागे डॉमिनिक, कॉलेजच्या लॅबमध्ये
बावीस वर्षं परीक्षानळ्या धुतोय.
कुठलं द्रावण कधी रंग बदलेल
ते त्याला वासावरून कळतं,
लिहायला सांगितलं की पेन थांबतं.
सर विचारतात, काही शंका?
आम्हाला शंका नसते हो,
झोप असते.

रात्री ओटा पुसते, कोरडा करते,
त्याच्यावर पुस्तक.
टेबल दहावीला दिलंय.
अनुजा भूमिती संपवून येते
आणि माझे ऱ्हस्वदीर्घ तपासते लाल पेनाने,
जराही दयामाया न दाखवता.
‘आई, मानसशास्त्रात अजून एक स आहे.’
आहे बाई. कुठेतरी असेलच.

स्वाध्याय तिसरा, गुण दहा :
बालकाच्या भाषाविकासाचे टप्पे सोदाहरण स्पष्ट करा.
पुस्तकात सहा टप्पे.
हुंकार, बडबड, वर्षाच्या आसपास पहिला शब्द,
पुढे शब्दाला शब्द.
निहार साडेपाच वर्षांचा आहे.
त्याचे शब्द माझ्या अंगठ्यात राहतात.
एकदा दाबला की पाणी,
दोनदा दाबला की घरी जायचंय,
नख रुतवलं
की पंखा बंद करा, तो आवाज टोचतोय.
मी सातवा टप्पा लिहिला.
दीड पान झालं,
उदाहरणं लिहिताना हात थांबेना.

वही परत आली. दहापैकी चार.
समासात : पाठ्यपुस्तकाबाहेरचे लिहू नये.
त्याखाली : संदर्भ?
मी अंगठा उलटा करून पाहिला.
चंद्रकोरीएवढी खूण होती अजून,
पण ती वहीला जोडता येत नाही.

परीक्षेसाठी आठवडाभर रजा घेतली, बिनपगारी.
तोच प्रश्न आला.
मी सहा टप्पे लिहिले, क्रमवार,
खाली पट्टीने रेघ मारली.
मार्क पडतील.
घरी येताना विक्रोळीच्या नाक्यावर
अनुजासाठी चिकू घेतले
आणि उगाचच कुणावर तरी राग आला,
बहुतेक त्या रेघेवर.

सोमवारी निहार माझ्याकडे बघेना.
डबा झाला, गाणी झाली,
ठोकळ्यांचा मनोरा त्यानेच बांधला, त्यानेच पाडला.
मग दुपारी बाजूला येऊन बसला,
अंगठा धरला
आणि दाबला तीनदा.

तीनदा कधीच नव्हतं.
पाणी दिलं, सरकवलं.
दप्तर दाखवलं, नाही.
पंखा तर बंदच होता.
पुन्हा तीनदा, सावकाश,
मी मंदबुद्धी असल्यासारखं.

मेहेर मिस खडू हातात तसाच ठेवून वळली,
गुडघ्यावर बसली आमच्यासमोर.
‘दीदी, काय म्हणतोय तो?’
‘माहीत नाही, मिस,’ मी म्हटलं,
‘थांबा, विचारते.’